घाटातला तिसरा गिअर

वेल्हे तालुक्यात ट्रकचा पाचवा गिअर सहसा झिजत नाही. झिजायचा तर आधी तो वापरावा लागतो, आणि वापरायचा तर सरळ, सपाट रस्ता मैलभर तरी सलग हाती लागावा लागतो. चेलाडी फाट्याला सातारा रस्ता सोडला, नसरापूर ओलांडलं, बनेश्वराला चालत्या गाडीतूनच हात जोडले, की आंबवणे, करंजावणे, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याकडे निघतो. मग कुठं वळण, कुठं चढ, कुठं ओढ्यावरचा अरुंद पूल आणि कुठं रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली म्हैस. ड्रायव्हरनं पाचव्याचा विचार मनात आणावा आणि म्हशीनं तो मोडून काढावा, असा इथला रिवाज. तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं, तरी म्हशीच्या धोरणात काही बदल झालेला नाही.

शेजारच्या भोरचंही तेच. भोरहून महाडला जायचं तर वरंधा घाट. वाईला जायचं तर मांढरदेवीच्या अंगानं अंबाडखिंड घाट. खानापूरकडून वेल्ह्यात उतरायचं तर पाबे घाट. कापूरहोळवरून हमरस्ता धरला की जरा सुख असतं, पण कात्रजचा डोंगर ओलांडल्याशिवाय पुणं काही येत नाही. शत्रूला आत शिरणं जड जावं असा मुलूख हेरून शिवाजी महाराजांनी इथं राज्य उभं केलं. शत्रू गेले, मुलूख आहे तसाच आहे. आता त्याला खताची पोती, विटा, सिमेंट आणि इंद्रायणी तांदळाचे कट्टे तोंड देतात, आणि राजगड-तोरण्याच्या सोंडा त्यांच्याशीही औरंगजेबाच्या फौजेशी वागाव्यात तशाच वागतात.

अशा मुलखात ट्रक हाकायला पाय किती लागतात? पेडलं तीन असतात, क्लच, ब्रेक आणि एक्सिलेटर. ड्रायव्हिंग स्कूलच्या हिशोबानं त्यांना दोन पाय लागतात. इथल्या जुन्या उस्तादांच्या मते दीड पुरतो.

प्रस्तुत लेखकाला हा शोध पाबे घाटातच लागला. विटांनी भरलेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये त्याला जागा मिळाली होती. म्हणजे एका बाजूला उस्ताद, दुसऱ्या बाजूला दाराला लटकून बाहेर बघणारा क्लीनर आणि मध्ये लेखक, ज्याच्या गुडघ्याला गिअरचा दांडा दर वळणावर येऊन विचारपूस करत होता. चढ लागला. उस्तादांनी एक्सिलेटर किंचित सोडला, दोन बोटांनी दांडा बाहेर ओढला, जराशी रेस दिली आणि दांडा दुसरीकडे सारला. चौथ्याचा तिसरा झाला. कुठं किर्र नाही, धक्का नाही. लेखकानं खाली पाहिलं. उस्तादांचा डावा पाय चपलेतून बाहेर येऊन पत्र्यावर निवांत पसरला होता.

"उस्ताद, क्लच खराब आहे का?"

"न्हाय ओ पावनं. चांगला हाय की."

"मग दाबला नाही तो?"

"झोपलाय. कशाला उठवायचा?"

यात जादू अजिबात नाही, निव्वळ भागाकार आहे. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे अडीच फेरे झाले की मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा एक फेरा होतो. चौथ्यात दीड फेऱ्याला एक. गाडी तिसऱ्यात आहे आणि इंजिन मिनिटाला 2000 फेरे मारतंय. म्हणजे शाफ्टचे झाले 800. आता चौथा टाकायचा. गाडी सपाटीवर आहे, भरलेली आहे, तिचा वेग पटकन मोडत नाही, म्हणून शाफ्ट 800 वरच राहतो. चौथ्याच्या दात्यांशी जमवून घ्यायचं तर इंजिनानं 1200 वर उतरायला हवं. तेवढा दम धरला की दांडा आपसूक आत जातो. नाही धरला, तर दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे पोलादी दाते एकमेकांना भिडतात आणि अख्ख्या वाडीला कळतं की नवशिका आला आहे. खाली उतरताना उलटं गणित. चौथ्यात 1200 वर असलेल्या इंजिनाला न्यूट्रलमध्ये रेस देऊन 2000 वर चढवायचं आणि मग तिसरा टाकायचा.

उरला प्रश्न तो दांडा बाहेर काढण्याचा. इंजिन गाडी ओढत असलं की दात्यांवर ताण असतो, दांडा हलत नाही. एक्सिलेटर सोडता सोडता एक क्षण असा येतो की इंजिन गाडीला ओढत नसतं आणि गाडीही इंजिनाला ढकलत नसते. त्या क्षणी दांडा दोन बोटांत येतो. क्लचचं काम तरी दुसरं काय असतं? इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेवढ्यापुरतं वेगळं करणं. ते काम उजव्या पायानं होत असेल, तर डाव्याला ओव्हरटाइम कशाला?

ज्यांना इतका भरवसा नाही, ते डबल क्लच मारतात. एकदा क्लच दाबून गिअर काढायचा, न्यूट्रलमध्ये क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग गिअरबॉक्सला पोहोचू द्यायचा, मग पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. एका गिअरसाठी दोन लाथा. एका दिवसाच्या घाटात हे किती वेळा होतं ते मोजायला बसू नये. जुन्या ड्रायव्हरांची डावी पोटरी बघावी.

हे सगळं सपाटीचं गणित झालं. पाबे घाटात ते अर्ध्यात फसतं. चढावर तिसऱ्यातून चौथा टाकावा म्हणून न्यूट्रल केलं आणि इंजिन 2000 वरून 1200 वर यायची वाट बघत बसलं, की तेवढ्यात गाडीच मंदावते. शाफ्ट 800 वरून 600 वर येतो. आता इंजिन हवं 900 वर. 900 ची वाट बघावी तर शाफ्ट 450 वर गेलेला असतो आणि इंजिन हवं 675 वर. इंजिन धावतंय गाडीच्या मागं, गाडी उतरतेय इंजिनाच्या पुढं. ग्रीक तत्त्ववेत्ते अशा शर्यतीवर शतकानुशतकं वाद घालत बसले. पाबे घाटात तिचा निकाल काही सेकंदांत लागतो. गाडी थांबते, मग मागं सरकू लागते, आणि क्लीनर दगड घेऊन खाली उडी मारतो.

म्हणूनच चढाच्या पायथ्याशीच गिअर खाली आणायचा आणि माथा येईपर्यंत हावरेपणा करायचा नाही, हा इथला शिरस्ता. इंजिन कण्हायला लागल्यावर गिअर बदलणारा ड्रायव्हर उशिरा आलेला असतो. ते कण्हण्याच्या बेतात असताना बदलतो तो उस्ताद. हा बेत मीटरवर दिसत नाही. पुष्कळ जुन्या ट्रकांचे मीटर तसेही शोभेलाच असतात. काटा एका आकड्यावर कायमचा निवृत्त झालेला. तो बेत फक्त ऐकू येतो. केबिनच्या पत्र्याचा थरकाप, सीटखालून येणारी घरघर आणि दांड्याच्या मुठीतून तळहाताला लागणारी कंपनं, एवढ्यावर घाटातला व्यवहार चालतो.

या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ पॅरिसात आहे. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला एमिल लेव्हासर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं एकमेकांवर सरकणाऱ्या दातेरी चाकांची गिअरबॉक्स मोटारीत बसवली. प्रकार जरा रानटी आहे, पण चालतो, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याचं सांगतात. पुढची काही दशकं ड्रायव्हर लोक तो रानटीपणा खांद्यावर आणि पोटरीवर झेलत राहिले. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं. यात दाते भिडायच्या आधी एक पितळी कडी पुढं होते, घर्षणानं दोन्हीकडचे वेग सारखे करते आणि मगच गाठ पडू देते. लग्न जमवणारा मध्यस्थ म्हणा. दोन्हीकडची घासाघीस तो स्वतःच्या अंगावर घेतो, आणि म्हणूनच आधी झिजतो तोही.

भारतात 1954 साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. 1969 मध्ये करार संपला आणि ट्रकच्या नाकावरची बेंझची चांदणी गेली. कंपनी पुण्यात पिंपरीलाही आली, पुढं 1986 मध्ये टाटा 407 आली, आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत विटा, वऱ्हाड, गणपती आणि दोरखंड गळ्यात घातलेले ट्रेकर असं सगळं एकाच हौद्यातून पोहोचू लागलं. हळूहळू मध्यस्थ कडी ट्रकांतही रुळली. डबल क्लच मारायची गरज सरली, पण सवय सरली नाही. सिंक्रोमेशच्या गाडीतही जुना हात न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबतोच. अमेरिकेत तर अठरा-अठरा गिअरचे प्रचंड ट्रक अजून या कडीवाचून चालतात आणि तिथले ड्रायव्हर सुरुवातीला गाडी हलवताना क्लच दाबतात तेवढाच. म्हणजे पाब्याच्या उस्तादांचा आणि टेक्सासच्या उस्तादांचा डावा पाय एकाच पंथाचा आहे. एकाला हमरस्ता मिळाला, दुसऱ्याला घाट, एवढंच.

गॅरेजवाल्यांचं मत अर्थातच वेगळं. क्लच न दाबता गिअर टाकला की कडी झिजते, दात्यांच्या कडा उडतात आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना तळाशी चमचमणारा चुरा निघतो. हे खरं आहे. अडचण अशी की उस्तादांचं बघून क्लीनर हे शिकतो, आणि उस्ताद चहाला उतरले की शिकलेलं करून पाहतो. उस्तादांनी केलं तर कौशल्य आणि क्लीनरनं केलं तर चुरा. लेखकाचा कौल या वादात गॅरेजवाल्यांकडे पडतो, कारण बिल देणारा मालक दोन्ही वेळा सारखाच असतो.

घाटातली ही विद्या चारचौघांत पोहोचवली ती एसटीनं. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली आणि नंतरच्या काळात गावोगावच्या पोरांना ड्रायव्हरजवळची पुढची सीट हे पहिलं विद्यापीठ मिळालं. लांबलचक दांडा, त्याच्या टोकाचा थरथरणारा गोळा, गळ्यातल्या टॉवेलनं घाम पुसत लागोपाठ दोनदा पडणारा पाय. भोरहून वरंध्याकडे जाणाऱ्या गाडीतले नेहमीचे उतारू खिडकीबाहेर न बघता सांगायचे, आता दुसरा पडला म्हणजे वळण आलं, आता पहिला पडला म्हणजे वाघजाई जवळ आली. डोळे मिटून बसलेल्या आजीबाई दुसऱ्या गिअरच्या आवाजाला हात जोडून मोकळ्या व्हायच्या.

वाघजाईच्या देवळापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत. समोर कोकण खोल उतरत गेलेलं, हातात कांदाभजी, आणि हवेत आणखी एक वास, जो तेलाचा नसतो. तो क्लचप्लेट जळल्याचा. पावसाळ्यात दरडींमुळे अवजड गाड्यांना हा घाट बहुधा बंदच असतो, कधी कधी सगळ्यांनाच; त्यामुळे हा वास बऱ्याचदा ट्रकचा नसून पुण्या-मुंबईहून आलेल्या मोटारींचा असतो. शहरातल्या सिग्नलवर क्लच अर्धा दाबून गाडी अधांतरी झुलवायची सवय लागलेला माणूस घाटातही तेच करतो. अर्ध्या क्लचवर प्लेट घसटत राहते, तापते, आणि देवळापाशी पोहोचेपर्यंत मोटारीचा धूप झालेला असतो. टपरीवाले बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या कुटुंबाला आधी चहा विकतात, मग मेकॅनिकचा नंबर देतात.

क्लच सुखरूप असूनही न वापरणं ही झाली हौस. खरी कसोटी तो तुटल्यावर. मार्गासनीकडची एक ऐकीव गोष्ट टपऱ्यांवर सांगतात. एका ट्रकच्या क्लचचा पाइप वाटेतच फुटला. पेडल दाबलं की तसंच जमिनीला टेकायचं. हौद्यात तांदळाचे कट्टे, आभाळ भरून आलेलं, ताडपत्री फाटकी. उस्तादांनी इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला आणि सेल्फ मारला. ट्रक दोन हिसके देऊन इंजिनासकट चालू झाला. पुढचे गिअर कानावर. फक्त एक पथ्य होतं की कुठं थांबायचं नाही, कारण थांबायचं म्हणजे इंजिन बंद, आणि बॅटरीला पुन्हा पुन्हा हिसके द्यायची ताकद नव्हती.

तर पुढच्या वळणावर वरात निघालेली.

उस्तादांनी तिसऱ्याचा दुसरा केला, दुसऱ्याचा पहिला केला आणि रेस पूर्ण सोडून दिली. भरलेला ट्रक बँडच्या मागून माणसाच्या चालीनं सरकू लागला. क्लीनर फुटबोर्डावर उभा राहून "सरका, सरका, क्लच न्हाय!" म्हणून ओरडत होता, बँडच्या आवाजात लोकांना तो नाचतोय असं वाटलं. कुणी त्याच्यावर गुलाल टाकला. ट्रकमध्ये नवरीचं सामान असावं, असा नवऱ्याकडच्यांचा समज झाला आणि वरपित्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं. मांडवाशी वरात डावीकडे वळली, ट्रक सरळ निघून गेला, आणि ते समाधान का मावळलं हे मुलीकडच्यांना बराच वेळ कळेना.

चढाचं कौतुक पुष्कळ होतं, पण गिअरची खरी गरज उतारावर असते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत. खालचा गिअर असला की इंजिनच गाडीला मागं खेचून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, की सगळं ओझं ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी धरत नाही. त्यातून गाडीनं वेग घेतला, तर गिअर पुन्हा पडतही नाही, कारण शाफ्टचा वेग इतका वाढलेला असतो की इंजिनाला तिथवर पोहोचवणं कुठल्याच पायाला शक्य नसतं. भोर-वेल्ह्याहून पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांच्याच वाटेवर आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथं एका ट्रकनं डझनावारी गाड्यांना धडक दिली, आणि उतारावर इंजिन बंद ठेवल्याची चर्चा नंतर बरेच दिवस चालली. त्या उताराबद्दल बोलताना पाब्याचे उस्तादही विनोद करत नाहीत.

रस्त्याचा कायदाही घाटाची अडचण जाणतो. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. चढावर थांबलेला भरला ट्रक पुन्हा उचलणं किती जिकिरीचं, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच तो नियम लिहिला असणार. अंबाडखिंडीत हा नियम पाळतात का? ट्रकवाले ट्रकवाल्यांसाठी पाळतात. बाकीच्यांना वाटतं, समोरचा ट्रक आपल्याला वाट द्यायला आधीच थांबलाय. मग ते त्याला हात करून आभार मानतात आणि निघून जातात. वर केबिनमध्ये काय बोललं जातं ते खाली ऐकू येत नाही, हे दोघांच्याही हिताचं.

आता क्लचचं पेडलच जायला निघालं आहे. व्हॉल्वोनं 2001 मध्ये आय-शिफ्ट ही स्वयंचलित गिअरबॉक्स आणली, आणि आपल्याकडच्या कंपन्याही आपोआप गिअर बदलणारे ट्रक विकू लागल्या. 1 जून 2022 रोजी एसटीची विजेवर चालणारी शिवाई धावली, तीही पुणे-अहमदनगर याच पहिल्या रस्त्यावर. तिला ना क्लच, ना दांडा. भोरकरांना या आपोआपपणाचं फार अप्रूप नाही. भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे ब्रिटिशांच्या काळापासून पाणी चढलं की कुणालाही न विचारता उघडतात, आणि नीरेकाठच्या गावांना नुसतं आपोआप होऊन भागत नाही, आधी कुणीतरी सांगावंही लागतं, हे चांगलं ठाऊक आहे.

पण उस्तादांची सध्याची तक्रार आय-शिफ्टबद्दल नाही, एसीबद्दल आहे. 2025 साली नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. नियम उत्तम आहे. मे महिन्यात विटा वाहणाऱ्या माणसाला गारव्याचा हक्क आहेच. ओळखीच्या एका मालकानं असा नवा ट्रक घेतला आणि उस्तादांना त्यावर बसवलं. गिअर अजून हातानंच टाकायचे, फक्त काचा बंद. उस्ताद पहिल्याच घाटात बेचैन झाले. इंजिन कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या घरात चालल्यासारखं. कण्हायला लागलं तरी पत्ता नाही. तिसरा चुकला. क्लीनर हसला. उस्तादांनी एसी तसाच चालू ठेवून दोन्ही काचा खाली केल्या आणि मग गाडी पहिल्यासारखी चढली.

महिन्याच्या शेवटी मालकानं डिझेलचा हिशोब मांडला.

"उस्ताद, एसी लावून काचा कशाला उघड्या ठेवता?"

"शेठ, एसी अंगाला लागतो. आवाज कानाला लागतो."

"मग एसी तरी बंद करा."

"सरकारनं सक्तीचा केलाय नव्हं?"

मालकानं थोडा विचार केला आणि डिझेलच्या रकमेखाली एक रेघ ओढून तिच्यापुढं 'शासकीय नियमामुळे' असं लिहिलं.